बॅटरीचा जमाखर्च



या व्यासपीठावर वेदान्तापासून विश्वरचनेपर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह होतो. त्यांत मोटारीची बॅटरी कोठून आली, असे आपणांस वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत सातवीपर्यंत झाले. पुढचे गॅरेजात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे हाताखालून गेले तेच बोलावे हे बरे.

सन २०२० च्या २५ मार्चला देशात टाळेबंदी लागू झाली आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमच्या परिचयाच्या एका मालकाच्या गाड्याही दोन महिन्यांहून अधिक काळ फाटकाआड उभ्या होत्या. काम सुरू झाले तेव्हा एकाही गाडीचा सेल्फ उचलेना. नव्या बॅटऱ्या घ्याव्या लागल्या, आणि त्यांची किंमत ड्रायव्हरांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापण्याचा हुकूम निघाला. कारण काय, तर हयगय! सातजण आमच्याकडे आले. मोर्चा काढू म्हणाले. आम्ही म्हणालो, मोर्चा कोठे पळून जात नाही, आधी मोजू.

आता मोजायचे काय, ते सांगतो. मोटारीच्या या बॅटरीचा मूळ शोध गास्ताँ प्लांते या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली लावला. आत शिशाच्या पट्ट्या व पाणी घातलेले गंधकाचे तेजाब असते. बॅटरी वीज देऊ लागली की तेजाबातील गंधकाचा अंश पट्ट्यांवर बसतो आणि तेजाब पातळ होते. वीज परत भरली की तो अंश पुन्हा तेजाबात उतरतो. म्हणजे हे वाण्याच्या दुकानातील खाते आहे. उचल वेळेवर फेडली तर पत राहते. फेड लांबली तर पट्ट्यांवरचा तो मऊ थर कठीण खड्यांसारखा होतो. मग कितीही भरा, तो सारा विरघळत नाही. बॅटरी एका रात्रीत मरत नसते. ती अर्धपोटी राहून राहून मरते.

हे खाते पाहण्यास मोठी विद्या लागत नाही. इंजिन बंद करून गाडी काही तास उभी ठेवावी आणि मग व्होल्टमीटर लावावा. काटा १२.६ वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी आणि त्याच दिवशी भरावी. इंजिन चालू असता बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर दोष बॅटरीचा नसून भरणाऱ्या यंत्राचा किंवा पट्ट्याचा असू शकतो. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने तेजाबाचा दाटपणाही पाहता येतो. भरलेल्या बॅटरीत तो १.२७ च्या आसपास असतो.

त्या सात गाड्यांकडे येऊ. एका वयस्क मिस्त्रींना घेऊन आम्ही फाटकाशी गेलो. किल्ली काढून, दारे बंद करून त्यांनी मीटर लावला. गाडी झोपलेली असतानाही अर्ध्या दशांश ॲम्पिअरची, म्हणजे ०.०५ ची गळती दिसली. थोडी घड्याळाची वगैरे होती, आणि बरीचशी मालकाने गाडीचा ठावठिकाणा कळावा म्हणून बसवून घेतलेल्या यंत्राची. आम्ही वहीच्या पानावर हिशेब मांडला. दिवसाचे चोवीस तास गुणिले ०.०५, म्हणजे १.२ ॲम्पिअर-तास. बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची. एकोणतिसाव्या-तिसाव्या दिवशी ती कोरडी ठणठणीत होणार! गाड्या उभ्या होत्या त्याच्या दुपटीहून अधिक, आणि किल्ल्या मालकाच्या कपाटात.

त्या वेळी लागू असलेला १९३६ चा वेतनविषयक कायदाही स्पष्ट होता. कामगाराच्या ताब्यात सोपवलेल्या मालाचे नुकसान प्रत्यक्ष त्याच्याच हयगयीने झाले असेल तरच कपात करता येई, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. येथे ना ताबा होता, ना कोणी ऐकले होते. वहीचे ते पान आम्ही मालकापुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. सहाजणांची कपात परत मिळाली.

सहाच का, असे आपण विचाराल. सातव्या गाडीची जुनी बॅटरी उघडली तेव्हा पाणी पट्ट्यांच्या पार खाली गेले होते आणि वरचा भाग पांढरा पडला होता. हे दोन महिन्यांचे काम नव्हे. आमच्याच माणसाने वर्षभर झाकण उघडले नव्हते. त्याने ते कबूल केले. मालकाला लावलेले माप आम्ही आमच्या माणसापासून लपवले असते, तर पुढच्या खेपेस आमच्या वहीवर कोणी विश्वास ठेवला असता?

आता घरच्या गाडीविषयी दोन शब्द. गाडी सुरू करण्यास वीज फार खर्च होत नाही. दोन सेकंद दीडशे ॲम्पिअर ओढले तरी एक दशांश ॲम्पिअर-तासही होत नाही. पुढचे दोन दिवे चुकून चालू राहिले तर मात्र चार तासांत बॅटरी बसते. धक्का मारून सुरू केलेली गाडी बाजारापर्यंत नेऊन आणली की बॅटरी भरली, हा भ्रम आहे. उतरलेली बॅटरी भरायला कित्येक तास लागतात. ती चार्जरवर ठेवावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ऋण टोकाची तार काढून ठेवावी. सोडताना ऋण टोक आधी, जोडताना शेवटी. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच, नळाचे नव्हे. तेजाब तर कधीच नव्हे. भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जवळ विडी पेटवू नये. आणि थंडीला दोष देण्यापूर्वी आपला वैशाख आठवावा. थंडीत बॅटरी कुरकुरते, पण तिचे आयुष्य खाल्लेले असते उन्हाळ्याने.

ही काळजी केवळ पैशांसाठी नाही. जुनी बॅटरी भंगारात कोठेही दिली तर ती कोणीतरी हाताने फोडतो, शिसे उघड्या भट्टीवर वितळवतो. ते विष त्याच्या रक्तात जाते, आणि अंगावरच्या कपड्यांतून त्याच्या घरी, त्याच्या मुलांपर्यंत पोचते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून ती दुकानदारालाच परत द्यावी. आणि दोन वर्षांत मरणारी बॅटरी चार वर्षे जगवली, तर फोडायची एक बॅटरी कमी झाली.

उद्या सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी आपल्या गाडीचे व्होल्ट मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. आपण गाडीवर ड्रायव्हर ठेवला असेल, तर ती वही त्यालाही दाखवा.