रूपाची दुरुस्ती आणि रुग्णाचे प्रश्न

(नागपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वैशाखातला दिवसभराचा उकाडा अजून अंगावर असताना आपण एवढ्या संख्येने एका शल्यवैद्याचे भाषण ऐकावयास जमलात, यावरून हा विषय आता दवाखान्याच्या चार भिंतींत मावेनासा झाला आहे, असे मी समजतो. पूर्वी माझ्याकडे येणारा मनुष्य भाजलेला, अपघातात चेहरा विद्रूप झालेला किंवा जन्मतःच ओठ फाटलेला असे. आज त्याच बाकावर, त्याच्याच शेजारी, सोयरिकीपूर्वी नाक सरळ करून घेऊ इच्छिणारी मुलगी आणि अकाली टक्कल पडल्यामुळे खंतावलेला तरुण बसलेले असतात. या सर्वांचे प्रश्न मी सारख्याच आदराने ऐकत आलो आहे. त्यांतील नेहमीच्या काही प्रश्नांची उत्तरे द्यावी, आणि जो प्रश्न क्वचितच कोणी विचारतो त्यापाशी शेवटी थांबावे, एवढाच आजचा माझा हेतू आहे.

पहिला प्रश्न बहुधा असा असतो : ‘डॉक्टर, यात प्लास्टिक बसवतात का?’ प्लास्टिक सर्जरीतला ‘प्लास्टिक’ हा शब्द ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थ घडविण्यासंबंधीचे, आकार देण्यासंबंधीचे, असा आहे. ज्या पदार्थाच्या आज आपण बादल्या आणि पिशव्या करतो, तो त्यानंतर पुष्कळ काळाने जन्मला. ही घडणावळ आपल्याला परकीही नाही. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेऊन, तेवढी गालाची त्वचा उचलून नाक सांधण्याचा विधी सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात जी हकीकत छापून आली, ती तर आपल्या पुण्याजवळची. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. नंतर विटा करणाऱ्या जातीतल्या, म्हणजे मातीला आकार देणे हाच ज्याच्या घराण्याचा व्यवसाय अशा एका इसमाने, मेणाचा पातळ साचा कपाळावर पसरून, तेवढी त्वचा सोडवून, ती खाली वळवून त्याला नवे नाक दिले. दोन्ही डोळ्यांच्या मधला त्वचेचा एक लहानसा पट्टा मात्र त्याने तसाच राखला, कारण त्यातूनच नव्या नाकाला रक्त पोचत होते. आणि सुमारे २५ दिवसांनी, सांधा जुळल्यावर, तो तोडला. ही हकीकत वाचून शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे तीच शस्त्रक्रिया केली. त्वचा घडविता येते, परंतु तिचे रक्त तोडून नव्हे, हे त्या वीटकऱ्याला कळलेले तत्त्व आजही आमच्या शास्त्राच्या मुळाशी आहे.

नागपूरकरांनी याविषयी दुहेरी अभिमान बाळगावा. ज्याला आपण नुसते ‘मेडिकल’ म्हणतो, त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी देशातील पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. आणि फाटलेल्या ओठांच्या व टाळूच्या त्यांनी केलेल्या वर्गवारीला आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणतात. आपल्या गावाचे नाव या शास्त्रात आले, ते रूपवंतांना अधिक रूपवान करण्यातून नव्हे, तर व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकांच्या सेवेतून आले.

दुसरा प्रश्न : ‘डाग राहील का?’ राहील. जेथे सुरी त्वचेच्या पूर्ण जाडीतून गेली, तेथे व्रण राहणारच. कुशल हात तो भुवईत, कानामागे किंवा त्वचेच्या नैसर्गिक सुरकुतीत लपवितो, पण नाहीसा करीत नाही. तो प्रथम लाल, कठीण आणि खाजरा असतो व फिका, मऊ होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणून तिसऱ्या महिन्यात निराश होऊ नये. छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर काहींचा व्रण मूळ जखमेची सीमा ओलांडून वाढत जातो. ज्यांच्या घराण्यात असे आहे, त्यांनी ते आधीच सांगावे.

तिसरा प्रश्न विचारताना आवाज नेहमी खाली येतो : ‘गोरे होता येईल का?’ गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत रंग निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद पडतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या जातीचे रंगद्रव्य करतात यात, आणि हेच द्रव्य विदर्भाच्या उन्हात आपल्या त्वचेवर छत्रीसारखे उभे असते. ते पुसून टाकण्याचा व्यापार मात्र गल्लोगल्ली चालतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेतलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने काही आठवडे चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग त्वचा पातळ व लाल होते, पुटकुळ्या येतात, केस उगवतात, आणि ट्यूब बंद करताच आग भडकते, म्हणून ती बंदही करता येत नाही. त्याहून घातक पारा. तो रंगद्रव्याची निर्मिती अडवितो खरा, पण त्वचेतून रक्तात उतरून मूत्रपिंडांची चाळणी निकामी करतो. अकोल्यातील एकाच घरातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि त्या लावीत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला, ही हकीकत २०२३ साली वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली होती. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, ती कितीही प्रेमाच्या माणसाने दिली तरी चेहऱ्याला लावू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

नको असलेले केस काढणाऱ्या लेझरविषयी थोडक्यात सांगतो. केसाच्या मुळातील काळा रंग त्याचा प्रकाश शोषून घेतो; म्हणून पांढऱ्या केसांवर तो चालत नाही, आणि वाढीच्या अवस्थेतील केसच त्याला बळी पडत असल्याने पुनःपुन्हा यावे लागते. केस कमी होतात. ‘कायमचे जातील’ ही हमी कोणी देऊ नये. सावळ्या त्वचेवर चुकीचे यंत्र चालविले तर ती भाजते. चरबी शोषून काढणे हा देखील देहाला आकार देण्याचा उपाय आहे, वजन उतरविण्याचा नव्हे.

हे कोणाकडून करून घ्यावे? ज्याने सर्वसाधारण शल्यशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पुरे करून प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. ही पदवी घेतली आहे, किंवा ज्याने त्वचारोगशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले आहे, त्याच्याकडून. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधील त्याच्या नोंदणीची खातरजमा करा. भूल कोण देणार, रात्री त्रास झाल्यास कोण धावून येणार, हे विचारा. आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते घरी नेऊन वाचा. यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आता तो क्वचित विचारला जाणारा प्रश्न : ‘हे मुळीच केले नाही, तर काय होईल?’ फाटलेल्या टाळूच्या बालकाविषयी याचे उत्तर असे की, वेळेवर शिवली नाही तर त्याचे बोलणे आयुष्यभर नाकातून आणि अस्पष्ट राहील. भाजलेल्या मानेविषयी उत्तर असे की, व्रण आखडून हनुवटी छातीला जखडेल. तेथे विलंब हाच अन्याय होय. परंतु नाकावरच्या उंचवट्याविषयी, कोवळ्या सुरकुतीविषयी, सावळ्या रंगाविषयी प्रामाणिक उत्तर एकच आहे : काही होणार नाही. हे उत्तर ऐकल्यावरही ज्याला शस्त्रक्रिया हवीशी वाटते, तो ती स्वतःच्या इच्छेने मागतो. आणि ज्याला ती नकोशी होते, त्याची मागणी मुळात दुसऱ्याच कोणाची तरी होती.

काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. बोलत आईच होती. मुलगी टेबलाच्या कडेकडे पाहत होती. पाहावयास आलेल्या एका कुटुंबाने नाकाविषयी काही शब्द काढले होते. मी मुलीला विचारले की, काही केले नाही तर काय होईल असे तुला वाटते? तिने आईकडे पाहिले आणि ती गप्प राहिली. मी त्यांना काहीही न करता परत पाठविले. दोन वर्षांनी ती एकटी आली. तिला नोकरी लागली होती. ‘सर, काही नाही केलं तरी काही बिघडत नाही, हे मला पटलंय,’ ती म्हणाली, ‘तरीही मला करून घ्यायचंय.’ मी लगेच माझी वही उघडली आणि तिला तारीख दिली.