दोन चित्रफिती शेजारी-शेजारी



नर्मदातीरावरील नेमावर ज्या तहसिलीत येते, ती देवास जिल्ह्यातील खातेगांव तहसील. काळ्या जमिनीच्या या भागात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. पेरणी सपाट करावी की रुंद वरंबा-सरी पद्धतीने, हा प्रश्न तेथील शेतकऱ्यापुढे असतो. दोन्ही पद्धतींच्या चित्रफिती एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी पाहिल्यास पाणी कोठे साचते व कोठे निघून जाते, हे तत्काळ ध्यानी येते. शाळेतील शिक्षकालाही ही सोय उपकारक ठरते. मात्र त्यासाठी साधन कोणते निवडावे, याचा विचार अवश्य झाला पाहिजे.

पहिले साधन वेब ॲप. हे एक संकेतस्थळच असते. चित्रफितींचे पत्ते दिले की दोन चौकटी उघडतात. संगणकात काहीही बसवावे लागत नाही. ब्राउझरच्या नियमांमुळे असे संकेतस्थळ दुसऱ्या टॅबमधील मजकूर वाचू शकत नाही. उणीव एवढीच, की जी चित्रफीत अन्यत्र दाखविण्यास तिच्या मालकाची मनाई आहे, ती तेथे चालत नाही.

दुसरे साधन एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला पूरक प्रोग्राम. तो मूळ संकेतस्थळावरच काम करू शकत असल्याने वरील अडचण टळते. परंतु अशी अनेक एक्स्टेन्शने सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागतात. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात व विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, तेथे ही परवानगी देणे म्हणजे घराची किल्ली परक्याच्या हाती सोपविणे होय. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० साली नव्या मालकाकडे गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. मधल्या काळात मालक बदलला, पण लोकांनी पूर्वी दिलेली परवानगी तशीच राहिली.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा आहे. दोन चित्रफिती दोन स्वतंत्र खिडक्यांत उघडाव्यात. विंडोज संगणकावर विंडोज-कळ व डावा बाण एकत्र दाबल्यास एक खिडकी डाव्या अर्ध्या भागात बसते. उजव्या बाणाने दुसरी उजवीकडे बसते. एकीचा आवाज बंद ठेवावा. दोन चित्रफितींना डेटाही अधिक लागतो, हे विसरू नये.

सारांश, प्रथम दोन खिडक्या, गरज पडल्यास वेब ॲप, आणि एक्स्टेन्शन अगदी शेवटी, तेही परवानगीचा मजकूर नीट वाचूनच, हा क्रम हिताचा आहे. काम संपताच ते काढून टाकावे.