परसातली सावली आणि ताटातली भाजी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पालक मेळाव्यात परीक्षा, शिस्त आणि शिष्यवृत्ती ह्यांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या विषयांचे जाणकार ह्याच व्यासपीठावर बसलेले आहेत, म्हणून मी आपल्या घरामागच्या परसाविषयी चार शब्द बोलणार आहे.

ह्याचा शिक्षणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ह्या वयोगटात आपल्या दहावी-बारावीच्या मुलीही येतात. जिच्या अंगात रक्त कमी, ती मुलगी चौथ्या तासाला फळ्याकडे बघते, पण तिचे लक्ष ठरत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच. परंतु रोजच्या ताटात पालेभाजी घालणे हे घरचे काम आहे. पाल्यातले लोह फार थोडे अंगी लागते. सोबत लिंबाची फोड असली तर ते अधिक लागते, आणि जेवण होताच चहा घेतला तर तेही कमी होते. मासळी आणि भात आपल्याकडे असतो. पाला मात्र बाजारातून आणायचा, आणि बाजारातली भाजी बहुतेक घाट उतरून येते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून घाटरस्ते बंद पडले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

मग परसात भाजी का नाही? भगिनींकडून एकच उत्तर येते: "सर, आमच्याकडे ऊन कुठे आहे?" खरे आहे. मागे दोन माड, एक आंबा, एखादा फणस, विहीर, आणि आडोशासाठी बांधलेली उंच गडग्याची भिंत. एकदा वांगी लावून पाहिली, झाडे उंच वाढली, वांगे एकही धरले नाही, आणि तेव्हापासून परस म्हणजे कपडे वाळत घालण्याची जागा झाली. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या परसात ऊन नव्हते असे नाही. ते किती आहे आणि कुठे आहे हे कोणी मोजले नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला परसात जा. जिथे जिथे ऊन पडले असेल तिथे एकेक खडा ठेवा. संध्याकाळी खडे मोजा. सहा किंवा अधिक खडे जमले ती जागा वांगी, मिरची, भेंडी, टोमॅटो ह्यांची. तीन-चार खडे जमले ती पालेभाजीची. एक-दोन खडे, किंवा दिवसभर नुसते झावळ्यांतून गळणारे कवडसे, ती जागा अळू, सुरण, हळद आणि आले ह्यांची.

ही मोजणी वर्षातून दोनदा करावी लागते, आणि त्याचे कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे. रत्नागिरीच्या आसपास साधारण १० मे रोजी, आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. ह्या दोन तारखांच्या दरम्यान तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, एरवी दक्षिणेकडे. डिसेंबरअखेर तो इतका कलतो की दहा फूट उंच भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेकडे सुमारे साडेआठ फूट पडते. म्हणजे घराच्या उत्तरेचे परस हिवाळ्यात झाकोळते आणि दक्षिणेची पडवी उजळते. मेथी, पालक, मुळा हे सगळे थंडीचे पीक. ते लावायचे ते दक्षिणेच्या अंगाला, मग ती पट्टी दोन हातांचीच का असेना. उलट कोथिंबिरीला उन्हाळ्याचे कडक ऊन सोसत नाही, ती लवकर फुलावर जाते. एप्रिल-मेमध्ये तिला अर्धी सावलीच मानवते. धणे रगडून, दोन दले सुटी करून, रात्रभर भिजवून पेरावेत.

सावलीत वांगे का धरत नाही? पान हा झाडाचा कारखाना. उन्हाच्या बळावर तिथे साखर तयार होते. त्या साखरेतून झाड आधी स्वतःचा खर्च भागवते, आणि शिल्लक राहिली तर फळ धरते. सावलीत शिल्लक उरत नाही; झाड उजेड शोधीत उंच होते, पाने रुंद आणि पातळ करते. तेव्हा सावलीच्या जागी पान खाण्याचे पीक घ्यावे, किंवा जमिनीखाली सावकाश साठा करणारे घ्यावे. वेलांची गोष्ट निराळी. पडवळ, शिराळे, दुधी ह्यांचे मूळ सावलीत असले तरी चालते. वेल कौलांवर किंवा मांडवावर चढवून त्याचा माथा उन्हात पोचला म्हणजे झाले. आपल्या आज्या पावसाळ्यात हेच करीत.

आता अळू. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे ते आपोआप माजते, म्हणून आपण त्याला किंमत देत नाही. सावली, ओल, चिखल, सगळे त्याला चालते. त्याच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यामुळे घसा खवखवतो. चिंच किंवा आमसूल घालून चांगले शिजवावे. मात्र रानातले किंवा शोभेचे अळू उचलून आणू नये. ज्या घरी शिजवून खाल्ले जाते, त्याच घरचा कांदा मागावा. मायाळूचेही तसेच: फांदी खोचली की वेल होतो, अर्ध्या उन्हात पानांना तोटा नाही.

सुरणाकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. कंदाचे अर्धा किलोचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला डोळ्याचा भाग आलाच पाहिजे. कापलेली बाजू शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवावी. दीड फुटाचा खड्डा घेऊन त्यात शेणखत आणि कुजलेला पातेरा भरावा, आणि पावसाआधी, मे महिन्यात लागवड करावी. आठ-नऊ महिन्यांनी पाने पिवळी होऊन कोलमडली की कंद तयार. माडाखालचे आंतरपीक म्हणून सुरण, हळद, आले ही पिके शेतकी खातेही सुचवीत आले आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले; तिथे जाऊन विचारण्यास संकोच करू नये, ते आपल्यासाठीच आहे. आल्याला मात्र पाणी साचलेले मुळीच चालत नाही, कंद कुजतो. त्याला उंच गादीवाफाच हवा.

सावलीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे झाडाची मुळे. माडाची बहुतेक काम करणारी मुळे बुंध्याभोवती सहा-सात फुटांत असतात. तिथे खणू नये. माडाचेही नुकसान आणि भाजीचेही. तेवढ्या जागेत जुने डबे, फुटकी घमेली, सिमेंटच्या गोण्या ठेवून त्यांत लावावे. फणसाच्या दाट बुडाशी तर काहीच लावू नका, तिथे पातेरा कुजवण्याचा खड्डा करा. तांदळाचे धुवण, मासळी धुतलेले पाणी वाया घालवू नका. मासळीची घाण टाकायची तर खोल पुरावी, नाहीतर मांजरे वाफा उकरतात. पावसाळ्यात गोगलगाई येतील. रात्री ओले गोणपाट पसरून ठेवावे. सकाळी त्याखाली त्या गोळा झालेल्या सापडतात.

उन्हात भर घालण्याचे उपायही आहेत. आंबा उतरल्यावर खालच्या आडव्या फांद्या उतरवाव्यात. भिंतीला चुना द्यावा. पांढरी भिंत पडलेला उजेड परत फेकते.

एक गोष्ट थोडी कडू आहे, पण बोलतो. अनेक घरांचे कर्ते पुरुष आखातात आहेत. तिकडून पैसा येतो, नवे घर उभे राहते, आणि पहिली गोष्ट होते ती अशी की अंगण-परस सगळे सिमेंटने नाहीतर लाद्यांनी झाकले जाते. चिखल नको, झाडलोट सोपी, हे मला समजते. परंतु भिंतीलगत निदान तीन फुटांची पट्टी मोकळी ठेवण्यास गवंड्याला सांगावे. घरात बाई एकटी, बाजार दूर, मुले शाळेत. अशा घराला ती पट्टी उपयोगी पडते.

विज्ञानाच्या शिक्षकांशी माझे बोलणे झाले आहे. खड्यांच्या मोजणीचा नकाशा वहीत काढून आणला तर तो ते तपासतील. उत्तर दिशा दाखवायला विसरू नका. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरणाचे कंद शाळेत ठेवू. ज्यांना हवेत त्यांनी आज जाताना शिपाईमामांकडे नाव लिहून द्यावे आणि पिशवी घरून आणावी. कंदाचे पैसे नाहीत. पुढच्या वर्षी निघालेल्या पिकातून तेवढाच एक कंद शाळेत परत आणून द्यायचा, म्हणजे तो पुढच्या घरी जाईल.