पावती वाचा, मग पैसे द्या



आज आपण एका छोट्याशा पावतीविषयी बोलू.

समजा, तुम्ही भोकरदनकडून किंवा मंठ्याकडून जालन्याला आलात. बियाणे घ्यायचे आहे, मोसंबीचा भाव पाहायचा आहे. मोटारसायकल ठेकेदाराच्या स्टँडवर लावली. परत आलात, तर खिशात पावती नाही. राखणदार म्हणतो, "पावती हरवली? दोनशे रुपये दंड भरा. त्याबिगर गाडी हलायची नाही."

लोक जमतात. आपल्याला लाज वाटते. आपण मुकाट्याने पैसे देतो. पण शेतमजुराला दोनशे रुपयांसाठी उन्हात राबावे लागते. ते असे का जावेत?

भाडे वेगळे आणि दंड वेगळा, हे आधी समजून घ्या. गाडी सांभाळल्याचे ठरलेले भाडे दिलेच पाहिजे. पण वाहतुकीच्या नियमांचा दंड करण्याचा अधिकार पोलीस, परिवहन अधिकारी आणि न्यायालय यांचा आहे. ठेकेदार म्हणजे पोलीस नव्हे. तो फार तर तुमच्याशी ठरलेल्या अटींवर बोट ठेवू शकतो. ती अट पाटीवर किंवा पावतीवर आधी लिहिलेली हवी. लिहिलेली असली तरी 1872 च्या करार कायद्याचे 74 वे कलम सांगते की, भरपाई वाजवी असावी; मनाला येईल तेवढी नव्हे.

पावती नसताना राखणदाराने गाडीचे कागद पाहिले, तर रागावू नका. त्यात आपलेच भले आहे. नाहीतर चोरही गाडी घेऊन जाईल.

आता पाटीचे महत्त्व पाहा. विलायतेत एका माणसाने दुकानांपुढच्या तळावर ठरल्या वेळेपेक्षा जास्त वेळ मोटार ठेवली. खाजगी कंपनीने 85 पौंड मागितले. तो थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत भांडला आणि 2015 साली हरला. का? पाट्या मोठ्या होत्या, स्पष्ट होत्या, जागोजागी होत्या. म्हणजे पाटी ठेकेदारालाही बांधते आणि आपल्यालाही. न वाचणाऱ्याची बाजू लंगडी पडते.

तेव्हा काय करावे?

गाडी लावण्यापूर्वी दराची पाटी वाचा. पावतीवरचा आकडा, तारीख आणि ठेकेदाराचे नाव पाहा. जास्त पैसे मागितले, तर म्हणा, "देतो, पण तेवढ्याच रकमेची पावती द्या." गाडी अडवून दमदाटी केली, तर 112 वर फोन करा.

जागा महानगरपालिकेची किंवा नगरपंचायतीची असेल, तर ठेक्यात कोणते दर ठरले ते माहिती अधिकारात विचारा. 2005 च्या त्या कायद्याखाली अर्जाला 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे.

ग्राहकांसाठी 1915 हा फोन आहे. जालन्याला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. अशा लहान रकमेच्या तक्रारीला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ही पायरी गरिबाला चढता यावी म्हणूनच ठेंगणी केली आहे. पुष्कळांची तक्रार एकच असेल, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांनी मिळून ती करावी.

एकट्याचे पन्नास रुपये लहान वाटतात. रोज शंभर माणसांकडून तेवढेच घेतले, तर पाच हजार होतात. म्हणून पावती मागा, ती वाचा, आणि घरी पोचेपर्यंत जपून ठेवा.