दप्तर कुणी जपायचं?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षमहाराज, समितीचे सर्व सभासद, वेळेवर आलेले थोडे आणि चहाच्या सुमारास आलेले बरेच रहिवासी मित्रहो,

मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. तो सचिवांनी घेतलाच आहे, अगदी पाण्याच्या टाकीसकट. म्हणून मी आपल्यापेक्षा बऱ्याच जुन्या संस्थेबद्दल बोलतो. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराला नाटकाला जाताना त्याच्यावरून आपण अनेकदा गेलो असू. आत किती जण गेलो, ते हात वर करून सांगायला नको!

७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी हे मंडळ स्थापन केलं. राजवाडे त्याआधीच गावोगाव हिंडून जुनी दप्तरं मिळवत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा, पुढे असे बावीस खंड झाले. पण एकट्या माणसानं किती कागद सांभाळायचे? ते ठेवायला, वाचायला, त्यांच्यावर वाद घालायला आणि छापायला हक्काची जागा हवी होती.

पुढे राजवाड्यांचं मंडळाशी पटलं नाही. संस्था म्हटली की हे आलंच, आपल्या सर्वसाधारण सभा आठवा. अखेरच्या काळात ते धुळ्याला होते, तिथेच ३१ डिसेंबर १९२६ ला वारले. पण संस्थापक गेले म्हणून पुण्याचं मंडळ बंद पडलं नाही. धुळेकरांनीही १९२७ मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं.

पुण्याच्या मंडळात आज सुमारे पंधरा लाख कागद आणि तीस हजार हस्तलिखितं आहेत. शिवाय नाणी, चित्रं. द. वा. पोतदार, ग. ह. खरे अशांनी तिथे आयुष्य घातलं. जुन्या पत्रावर पुष्कळदा तिथी असते, साल नसतं. आम्ही बँकेत तारीख नसलेला चेक सरळ परत करायचो. इथे परत कुणाला करणार? तिथी, वार, मजकुरातली माणसं यांची सांगड घालून साल काढावं लागतं.

भोरकडच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांकडे आली आणि १९१६ मध्ये मंडळानं छापली. तिच्यात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी निघाली. तोवर १६२७ साल धरलं जाई. वाद कितीतरी वर्षं चालला, इतर साधनं ताडून पाहिली गेली. आज १९ फेब्रुवारीला बँकेला सुट्टी असते, तिच्यामागे एका घरानं न टाकलेले हे कागद आहेत.

आमच्या घरी उलटं झालं. वाटण्या झाल्या तेव्हा मोडी कागदांचे दोन रुमाल कुणालाच नको होते. मोडी वाचणारे आजोबा गेलेले. काकांनी ते कागद पावसाळ्यात बंबात घातले. असतील नुसते उसनवारीचे हिशेब. पण कुणी कुणाला किती व्याजानं दिले, हे मला तरी लढाईइतकंच वाचावंसं वाटतं.

आता रंगकाम निघतंय, घरोघरचे माळे रिकामे होतील. मोडी कागद, आजीची पत्रं, जुनी खातेवही असं काही निघालं तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मला दाखवा. मोडी मी अडखळत वाचतो, पण चांगलं वाचणारी माणसं पुण्यात आहेत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती कापडात बांधा. लॅमिनेशन तर मुळीच नको.

आणि सचिवसाहेब, आपल्या पहिल्या सभेचं इतिवृत्त पंपाच्या खोलीतल्या कपाटात आहे. तिथे भिंतीला ओल आलीय. तेवढं उद्या सकाळी वर आणू या; किल्ली वॉचमनकडे आहे.