मोकळे नाक, मिटलेले ओठ

(जुन्नर येथे शिक्षक व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



शिवनेरीचा चढ चढताना धाप लागली, की आपण सारेच तोंडाने श्वास घेतो. त्यात वावगे काही नाही. परंतु वर्गात स्वस्थ बसलेले मूल सदा तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तर तिकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे.

नाक हवा गाळते, उबदार व ओलसर करते. वारंवारची सर्दी, ॲलर्जी किंवा नाकामागील ॲडिनॉइडच्या गाठींची वाढ यांमुळे ही वाट कोंडली, की मूल नाइलाजाने तोंड उघडते. मग खालचा जबडा उतरतो, टाळूला टेकलेली जीभ खाली येते आणि श्वासमार्ग मोकळा राहावा म्हणून मान पुढे व हनुवटी वर अशी डोक्याची ठेवण होते. वाढीच्या वयात टाळूला जिभेचा आधार उरला नाही आणि गालांचा दाब मात्र राहिला, तर वरचा जबडा अरुंद, टाळू खोल, दात दाटीचे व चेहरा लांबट होण्याचा संभव असतो.

स्वीडनमधील लिंडर-आरॉन्सन यांनी १९७० साली अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठी काढून नाकाने श्वास सुरू झाल्यावर अनेकांच्या दातांची व जबड्याची ठेवण सुधारू लागल्याचेही त्यांना पुढे आढळले. अर्थात, चेहऱ्याच्या घडणीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. प्रत्येक लांबट चेहऱ्यामागे कोंडलेले नाक नसते.

रात्री घोरणारे, उशी लाळेने भिजवणारे मूल दिवसा पेंगते आणि आपण त्याला ‘मंद’ म्हणून हिणवतो. हा त्या मुलावर अन्याय आहे. ‘तोंड मीट’ असे दटावून किंवा ओठांवर पट्टी लावून नाक मोकळे होत नाही. उलट, कोंडलेल्या नाकावर असा उपाय धोक्याचा ठरतो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची एकदा तपासणी करण्याची योजना आहे. पथक येईल तेव्हा ही लक्षणे आवर्जून सांगा. कान-नाक-घसा तज्ज्ञाचा व दंतवैद्याचा सल्ला घ्या. पश्चिमेकडील डोंगरवाड्यांतून चुलीच्या धुराने नाक अधिकच चोंदते; तेथे धुरापासून मुलांना दूर ठेवणे हीही चिकित्साच होय.

हाडे कोवळी आहेत तोवरच हे लक्ष पुरवले पाहिजे. उद्या वर्गात हजेरी घेताना मुलांच्या ओठांकडेही एकदा पाहा, एवढीच विनंती.