कारखान्याचा शेअर, बाजारातला शेअर

इंदापूर तालुक्याला शेअर नवा नाही. भवानीनगरचा छत्रपती असो की बिजवडीचा कर्मयोगी, सहकारी साखर कारखान्याचा सभासद हा भागधारकच असतो. पण तिथला हिशेब वेगळा. शेअर कितीही असोत, मत एकच. लाभांशालाही सहकार कायद्याने सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा. सभासदाचं खरं लक्ष असतं उसाच्या दराकडे आणि तोड वेळेवर येण्याकडे.

शेअर बाजारातल्या कंपनीकडून पैसा दोन वाटांनी येतो: लाभांश आणि भाववाढ. लाभांश दरवर्षी मिळेलच असं नाही. शिवाय १०० रुपयांना घेतलेल्या शेअरने ५ रुपये लाभांश दिला आणि भाव ९० वर आला, तर तूर्त ५ रुपयांचा तोटाच! म्हणून कंपनीचा नफा वर्षानुवर्षं वाढतोय का, कर्ज किती आहे, हे आधी बघावं. तेवढा वेळ नसेल तर निर्देशांकावर चालणारा म्युच्युअल फंड नवख्याला बरा. एका हप्त्यात अनेक कंपन्या येतात.

फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर होणाऱ्या करारांच्या वाटेला मात्र जाऊच नये. मार्च २०२४ पर्यंतच्या तीन आर्थिक वर्षांत तिथले ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले, असं बाजाराची नियामक संस्था सेबी हिचाच अभ्यास सांगतो.

बी-बियाण्याचा, पीककर्जाचा पैसा बाजारात घालू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी खात्रीचा परतावा सांगितला, तर आधी सेबीच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी तपासा.